पिवळी छत्री आणि माझा गुप्त नंबर

"...आणि आता पुढचं गाणं किबोजा मिशनच्या मास्तर आलोयझियस सेम्पिजा यांच्यासाठी. पाठवणारीने नाव दिलेलं नाही. कार्डावर लिहिलंय, पिवळ्या छत्रीवालीकडून. आणि खाली लिहिलंय, छत्रीत दोघांपुरती जागा आहे."

चौतीस वर्षं झाली त्या आवाजाला. रेडिओवरची ती बाई कोण, कुठली, काळी की सावळी, मला ठाऊक नाही. पण "दोघांपुरती" म्हणताना ती अर्धा क्षण थांबली होती. तो अर्धा क्षण मी अजून जपून ठेवलाय. गाणं कुठलं लागलं ते मात्र आठवत नाही. मी बशीतला रताळ्याचा तुकडा हातात धरून उभा होतो, आणि शिक्षकांच्या खोलीतले बाकीचे सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू मला बिशप नेमलं आहे.

अख्ख्या किबोजात पिवळी छत्री एकच होती, आणि ती इमाकुलेट नासालीची होती. तिच्या मामाने ती नैरोबीहून आणली होती. आमच्या छत्र्या काळ्या असत आणि एखादी काडी मोडलेली असे. इमाकुलेट चर्चच्या गायकवृंदात दुसऱ्या ओळीत उभी राहायची आणि वरच्या पट्टीत गाताना डोळे मिटायची. मी तिसऱ्या ओळीत. त्या काळात माझी प्रार्थना चांगली होत नसे, एवढंच सांगतो.

मी उत्तर लिहिलं. गणिताच्या वहीचा दुपानी कागद, दोन्ही बाजू भरून. पोस्टाने पाठवलं असतं तर मिशनच्या सिस्टरनी आधी वाचलं असतं, म्हणून इमाकुलेटच्या खोलीत राहणाऱ्या एका मुलीच्या हातात दिलं. अध्यापिका होण्यासाठी शिकणारी, बारीक, गप्प, हातावर सतत शाईचे डाग असलेली मुलगी. "देशील ना?" म्हटलं. तिने मान हलवली.

उत्तर आलं नाही. दोन आठवड्यांनी मी त्या मुलीला गाठलं. "दिलंस का?" ती आपल्या चपलांकडे बघत म्हणाली, "ती काही बोलली नाही, मास्तर." महिन्याभरात इमाकुलेट कंपालाला निघून गेली, छत्रीसकट. मी पुरुषासारखा सगळा अपमान गिळला. म्हणजे तीन किलो वजन घटवलं. आणि ती शाईचे डाग असलेली मुलगी भूमितीची पेटी मागायला माझ्याकडे येऊ लागली. पुढच्या वर्षी मी तिच्याशी लग्न केलं.

तिचं नाव रेजिना. ही तिचीच गोष्ट आहे, पण हे मला अगदी शेवटी कळलं.

रेजिनाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. लहानपणी गोवर झाला तेव्हा माझा डावा कान गेला. मी हे कुणाला सांगत नाही. मास्तरला ऐकू येत नाही असं कळलं तर पोरं त्याच बाजूला बसून शेंगा फोडतात. पण रेजिना पहिल्या दिवसापासून माझ्या उजव्या बाजूने चालते. बाजारात, चर्चला, अंत्ययात्रेला, कायम उजवीकडे. बायकांना अशा गोष्टी कशा कळतात कोण जाणे.

असो. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. आमची मुलगी स्टेला कंपालाहून आली आणि माझ्या फोनवर फेसबुक उघडून गेली. "नातवाचे फोटो बघता येतील, बाबा." नातवाचे फोटो दोन दिवसांत बघून संपले. तिसऱ्या दिवशी त्या यंत्राने मला विचारलं, या व्यक्तीला तुम्ही ओळखता का?

सरोवराचा काठ. वाळूवर खुर्ची. खुर्चीत इमाकुलेट नासाली, वय पन्नाशीच्या आसपास, अंगात लाल पोशाख. तो शिवताना शिंप्याने कापडाची फार काटकसर केलेली दिसत होती. आणि तिच्या मागे, देवाशपथ, एक भलीमोठी पिवळी छत्री.

मी फोन घेऊन मागच्या केळीच्या बागेत गेलो. आमच्या बागेत माणूस उभा राहिला तर दहा पावलांवरूनही दिसत नाही. केळीची पानं शहाणी असतात, ती मध्ये येतात. दोन बोटांनी फोटो मोठा केला. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, माता-मंडळाच्या चिटणीसबाईंचा नवरा आहे, मी त्रिकोणाचे गुणधर्म चार पिढ्यांना शिकवलेत. हे सगळं मी स्वतःला सांगितलं आणि आणखी मोठा केला. छत्री बघत होतो असं म्हणणार होतो. पण छत्री तर केव्हाच फोटोबाहेर गेली होती.

एवढ्यात एक सुकलेलं पान खांद्यावर पडलं, मी दचकलो, आणि अंगठ्याखाली एक लाल हृदय उमटलं.

त्या फोटोखाली तारीख होती. सात वर्षांपूर्वीची. सात वर्षांपूर्वीच्या फोटोवर आज दुपारी हृदय ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणतात, हे मला सांगायची गरज नाही. मी ते काढायला गेलो तर ते गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. सरोवरातल्या माशाने तोंड उघडमीट करावं तसं. शेवटी ते आलेलं असताना फोन बंद पडला.

संध्याकाळी फोन चार्ज झाला तेव्हा तो रेजिनाच्या हातात होता. आमच्या घरात फोन एकच. चार ते सहा तो माता-मंडळाचा. ती ओट्यापाशी बसून मंडळाच्या बायकांना निरोप पाठवत होती, चुलीवर केळीच्या पानात मटोके, म्हणजे आमची हिरवी केळी, शिजत होते, आणि ती नेहमीचं तिचं ते गुणगुणत होती:

*केळीच्या पानात वाफ कोंडे आत,*
*मनातली बात सांगू कशी...*

फोन वाजला. तिने बघितलं आणि माझ्याकडे सरकवला. "मास्तर, तुमचं काहीतरी आहे."

पडद्यावर लिहिलं होतं: *आलोय्झी! तूच का रे?*

नाव वर होतं की नाही, तिने वाचलं की नाही, मला कळेना. ती उठली आणि पानांवर पाणी शिंपडू लागली. गुणगुणणं मात्र थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आमचे शेजारी कियेयुने यांचा सल्ला घेतला. कियेयुने तीस वर्षं पोस्टात पत्रं वेगळी करायला होते. दुसऱ्यांच्या इतक्या भानगडी त्यांच्या हातांखालून गेल्या आहेत की स्वतःची एकही करायला त्यांना वेळ मिळाला नाही. त्यामुळे त्यांचा सल्ला शुद्ध असतो.

"दुसरी लाइन घ्या," ते म्हणाले.

"दुसरी लाइन?"

"स्टेलाने दिलेला तो काच तडकलेला फोन कपाटात पडलाय ना? त्यात नवं सिमकार्ड टाका. हा फोन घराचा. तो फोन तुमचा. काय लपवायचंय असं नाही हो. पण प्रत्येक पत्राला स्वतःचा खण असावा."

"पण माझ्या मनात तसलं काही नाही, कियेयुने. मला फक्त विचारायचंय, तेव्हा उत्तर का नाही दिलंस."

"सगळ्यांना फक्त विचारायचंच असतं," कियेयुने म्हणाले आणि शेंगदाणे सोलू लागले.

खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं. एक सिमकार्ड आणायचं, एक प्रश्न विचारायचा, संपलं. अर्ध्या तासाचं काम.

दुकानातल्या मुलीने माझं ओळखपत्र घेतलं आणि एका छोट्या यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितला. यंत्र लाल झालं. दुसरं बोट, लाल. मी हात धुऊन आलो, तिने माझा अंगठा तिच्या रुमालाने पुसला, मी तो केसांवरून फिरवला, पँटवर घासला. लाल.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्हाला ठसेच नाहीत."

"छत्तीस वर्षं खडू धरलाय या हाताने!"

"हो, पण यंत्राला काय कळतं? यंत्र म्हणतंय, तुम्ही कुणीच नाही."

मागे रांगेत आठ माणसं होती. त्यातले तीन माझे विद्यार्थी. एकाने मोठ्याने सांगितलं, "हे खरंच मास्तर आहेत, मला मारलंय यांनी." पण मार खाल्ल्याची साक्ष यंत्र घेत नाही.

ओळखपत्राच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबाने माझा अंगठा भिंगाखाली धरला, एखाद्या दुर्मीळ किड्याकडे बघावं तसा बघितला आणि म्हणाला, "तुम्ही तुम्हीच आहात, असं तुमच्या वस्तीच्या चेअरमनचं पत्र आणा. शिक्का पाहिजे. आणि नवी लाइन कशासाठी हवी, तेही पत्रात पाहिजे."

आता हे बघा. आमच्याकडे चेअरमनच्या पत्राशिवाय माणूस जन्मत नाही, शाळेत जात नाही, लग्न करत नाही आणि पुरलाही जात नाही. पण चोरून प्रेमाचा निरोप पाठवायलाही चेअरमनचं पत्र लागेल, हे मात्र मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

चेअरमन मुगेर्वा फणसाच्या झाडाखाली टेबल टाकून बसतो. शिक्का त्याच्या खिशात असतो आणि चष्मा दुसऱ्याच्या. त्याने पेन उघडलं.

"कारण?"

"खाजगी."

"खाजगी असं लिहिता येत नाही, मास्तर. खाजगी म्हटलं की कचेरीवाले चोर समजतात. तुमच्याकडे एक नंबर आहे ना? मग दुसरा का?"

भोवती सहा माणसं बसली होती. सगळ्यांनी बोलणं थांबवलं. माझ्या डोक्यात फक्त पिवळी छत्री होती, आणि छत्रीमागे गायकवृंद. तेच तोंडातून बाहेर पडलं.

"गायकवृंदाचा मेळावा भरवायचाय. जुन्या लोकांचा. त्यांच्याशी संपर्काला वेगळा नंबर हवा."

मुगेर्वाने पेन खाली ठेवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची स्वर्गवासी बायको त्याच गायकवृंदात पहिल्या ओळीत गात असे, हे मी साफ विसरलो होतो.

"मास्तर," तो म्हणाला, "इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही हो. तुम्हाला सुचलं."

त्याने पत्र लिहिलं. *सदरहू इसम हा तोच आहे जो तो असल्याचं सांगतो, आणि त्याचा हेतू उदात्त आहे.* शिक्का मारला. आणि तिथल्या तिथे सहा माणसांची समिती नेमली.

तुम्ही आमच्या भागात राहिला असाल तर तुम्हाला माहीत असेल. आमच्याकडे दोन माणसं एका विषयावर बोलली की ती गप्पा ठरतात. तिसरा आला की समिती होते. समितीला अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, सल्लागार, आणि वर्गणीची वही सांभाळायला एक कडक बाई. संध्याकाळपर्यंत मेळाव्याची तारीख ठरली, बकरा ठरला, मंडप ठरला, आणि मला कार्याध्यक्ष केलं. मला सिमकार्ड मिळालं ते चार दिवसांनी. तोवर माझा गुप्त नंबर कुणाकुणाला हवा होता, याची यादी दोन पानांची झाली होती.

आणि मग भोंगा.

आमच्या बाजारात निलगिरीच्या खांबावर चार भोंगे आहेत. रोज सकाळी सहाला कोण गेलं, कुणाची शेळी हरवली, लसीकरण कुठे आहे, ते सगळं त्यावर सांगतात. मी दाढी करत होतो.

"किबोजाच्या जुन्या गायकवृंदाच्या सर्व बंधुभगिनींनी लक्ष द्यावं! मेळाव्यासाठी मास्तर आलोयझियस सेम्पिजा यांनी खास नवीन नंबर घेतला आहे. लिहून घ्या!" आणि भोंगेवाल्याने तो नंबर वाचला. सावकाश. तीन वेळा. शेवटच्या वेळी एकेक आकडा सुटा.

माझ्या गालावर ब्लेड थांबलं होतं. रेजिना अंगण झाडत होती. तिने केरसुणी खाली ठेवली.

"नवा नंबर घेतलात?"

"मेळाव्यासाठी," मी म्हणालो.

"कोणकोण येणार?"

"सगळेच. जुने लोक."

 मग केरसुणी उचलून तिने झाडलेलंच अंगण पुन्हा झाडलं.

त्या दिवसापासून रेजिना बदलली. आमटीत मीठ दोनदा पडू लागलं. हाक मारली की दचकायची. एकदा मी आत गेलो तर ती बाप्तिस्म्याचे दाखले ठेवतो तो पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून झाकण असं लावलं की बोट चिमटलं. मी मनात म्हटलं, संपलं. हिला सगळं कळलंय.  तरी फोन उघडायचं काही सुटेना. मोहाचं हेच वाईट. पकडला गेला तरी माणसाचा अंगठा मोकळाच असतो.

नव्या फोनवर समितीने गट उघडला होता. दोनशे चौदा माणसं, त्यांत इमाकुलेटही. त्या गर्दीतून वाट काढत मी इमाकुलेटला आठ दिवसांत मोजून दोन निरोप पाठवले. "कशी आहेस?" तिने लिहिलं, "मजेत! तू?" मी लिहिलं, "ठीक." तारुण्यात दोन्ही बाजूंनी वही भरणारा मी हाच का, असा मलाच प्रश्न पडला. मग एका दुपारी केळीच्या बागेत धीर एकवटून मी लिहिलं: *तुला माझी आठवण कधी आली होती का? मी तर ते विसरू शकलो नाही.* आणि पाठवलं.

तो निरोप गटावर गेला.

पाच मिनिटांत सदतीस बायकांची उत्तरं आली. "हो तर, मास्तर!" "नेहमी येते!" "देव तुमचं भलं करो!" सत्तर वर्षांच्या सिस्टर अनुन्सियाटांनी रडणारा चेहरा पाठवला. मुगेर्वाने लिहिलं, "माझ्या बायकोच्या वतीनेही, हो." नऊ पुरुषांनीही लिहिलं, पण जरा संकोचून.

माझी थोरली बहीण फेलिसिटा दुसऱ्या सकाळी बोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलच्या, मागे बसून आली. आमच्याकडे लग्न होणाऱ्या मुलीला संसाराचे धडे द्यायचा मान आत्याचा; फेलिसिटाताईने सगळ्या कुळातल्या मुली शिकवून संपवल्या. आता ती फोनवर बोलून धडे रेकॉर्ड करते आणि ते अनोळखी नवऱ्यामुलींपर्यंत जातात. लोक तिला आवाजावरून ओळखतात.

ती खुर्चीवर बसली, रुमालाने वारा घेतला आणि टेबलाकडे बघितलं.

"आलोय्झी, तुझा फोन पालथा का ठेवलायस?"

"काच तडकलीय, ताई."

"तडकलीय म्हणून पालथा? मग आणखी तडकेल की." ती पुढे झुकली. "मी दोनशे पोरींना सांगितलंय, नवऱ्याच्या फोनमध्ये डोकावू नका गं, तो फोन कसा ठेवतो तेवढं बघा. आणि माझ्याच भावाचा फोन तोंड लपवून बसलाय! कोण आहे?"

"कुणी नाही. इमाकुलेट. म्हणजे ती कुणी नाही."

"ती छत्रीवाली?" ताईला सगळं आठवतं. "तिच्यासाठी तू तीन किलो उतरला होतास. आता उतरलास तर बरंच होईल म्हणा. रेजिनाला ठाऊक आहे?"

"असावं. मिठावरून वाटतं."

ताई हसली नाही. "भावा, मी एवढ्या पोरींना शिकवलं, पण तुझ्या बायकोला शिकवायची पाळी आली नाही. ती आली तीच सगळं शिकून. तुझा तो कान, तुला भात चालत नाही, तू रागावलास की भूमिती करत बसतोस; सगळं पाठ. मी तिला विचारलं होतं, कुणी सांगितलं गं? तर म्हणाली, वाचलं." ताई उठली. "तिला दुखवलंस ना, तर तुझं नाव घेऊन रेकॉर्ड करीन. सगळ्या युगांडात जाईल."

वाचलं. मला वाटलं, बायकांच्या कुठल्याशा मासिकात वाचलं असेल.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी इमाकुलेटचा निरोप आला. *उद्या येते. तुला एक गोष्ट विचारायची आहे. चौतीस वर्षं विचारायची राहिली.* मी तो अकरा वेळा वाचला. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आनंदाच्या शेजारी एक बारीक, गप्प मुलगी चपलांकडे बघत उभी होती, आणि ती हलेना.

मेळाव्याची सकाळ. मंडपातून ढोलक्यांचा आवाज येत होता. रेजिना मागच्या अंगणात शंभर माणसांचे मटोके सोलत बसली होती. अंगावर नवी निळी गोमेसी, म्हणजे आमच्या बायकांचा सणाचा पायघोळ झगा, वर जुनं फडकं, आणि बोटांवर केळीचा काळा डाग. शाईसारखाच.

"मास्तर, जरा बसा."

मी तिच्या समोरच्या पाटावर बसलो. बसताना वाटलं, आता ती बोलायच्या आत आपणच बोलावं. पुरुषाने निदान तेवढं तरी करावं. आणि मी सगळं सांगितलं. क्रमाने, सिद्धता मांडावी तसं. फोटो, लाल पोशाख, हृदय, कियेयुने, अंगठा, मुगेर्वा, मेळाव्याचं खोटं, तीन निरोप. दोन बोटांनी काय मोठं केलं, तेही सांगितलं.

"मला फक्त विचारायचं होतं, तिने उत्तर का दिलं नाही," मी म्हणालो. "निदान सुरुवातीला फक्त तेवढंच होतं. नंतरचं मला माफ कर."

रेजिना सोलायची थांबली नव्हती.

"मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"हृदयापासून. तो फोन माझ्या हातात होता ना. इमाकुलेटने लिहून विचारलं होतं, हृदय तीन वेळा आलं आणि दोन वेळा गेलं, तुझा फोन बिघडलाय का म्हणून. मी ते पुसून टाकलं." तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "आणि नंबर तर सगळ्या बाजाराला ठाऊक आहे, मास्तर. भोंग्यावर सांगितला."

"मग रागावली का नाहीस?"

"रागवायला तोंड हवं."

तिने सुरी खाली ठेवली, हात फडक्याला पुसले, आणि फडक्याखालून बाप्तिस्म्याच्या दाखल्यांचा पत्र्याचा डबा काढला. दाखल्यांच्या खाली, तळाशी, गणिताच्या वहीचा दुपानी कागद होता. घड्यांवर फाटला होता, मागून सुईदोऱ्याने शिवलेला.

माझं अक्षर मी ओळखलं. इतकं तरुण अक्षर.

"मी दिलंच नाही तिला," रेजिना म्हणाली.

मंडपात कुणीतरी वरचा सूर लावून बघत होतं. मला दोन्ही कानांनी ऐकू येईनासं झालं.

"देणार होते. खरंच. खोलीत आले, ती आंघोळीला गेली होती. म्हटलं, एकदा बघू, काय लिहितात पुरुष. एकदाच." ती पानांशी बोलत होती. "वाचलं. तुम्ही लिहिलं होतं, माझा डावा कान ऐकत नाही, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. छत्रीत जागा असेल तर माझ्या उजव्या बाजूने चाल, म्हणजे तू बोललेलं काही वाया जाणार नाही. मी तिथेच खाली बसले. मला वाटलं, हे मला कुणी कधी लिहिणार नाही. मला ना छत्री, ना आवाज. ती आंघोळ करून आली तेव्हा कागद माझ्या उशीत होता. उद्या देईन म्हटलं. मग परवा. मग ती रडत कंपालाला गेली, आणि मी भूमितीची पेटी मागायला आले. माझ्याकडे पेटी होती, मास्तर."

 चौतीस वर्षांतले रस्ते एकदम डोळ्यांसमोर आले. बाजार, चर्च, माझ्या आईची अंत्ययात्रा, स्टेलाला शाळेत सोडायला गेलो तो दिवस. प्रत्येक रस्त्यावर ती उजवीकडे होती.

"मोह काय, तुम्हालाच होतो?" ती म्हणाली. "तुम्हाला फोटोचा झाला. मला कागदाचा. तुमचा आठ दिवसांचा. माझा..." ती थांबली. अर्धा क्षण. मला ते थांबणं ओळखीचं वाटलं.

बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला. दार आपटलं, बायका ओरडल्या, "आली! नासाली आली!" कियेयुने कुंपणावरून डोकं काढून मला बोलवायला आले, आमची तोंडं बघितली आणि आयुष्यात पहिल्यांदा सल्ला न देता परत गेले.

"ती हेच विचारायला आलीय," मी म्हणालो. "तिला काय सांगायचं?"

"खरं. मीच सांगेन." तिने तो शिवलेला कागद माझ्या हातात ठेवला. "आणि हे तिला देऊन टाकायचं. तिचं आहे."

मी उठायला लागलो. तिने माझी बाही धरली. मग आपला पाट उचलून माझ्या उजव्या बाजूला आणून ठेवला, त्यावर बसली, आणि केळीच्या डागांचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले.

"द्यायच्या आधी एकदा मला वाचून दाखवा," रेजिना म्हणाली. "चौतीस वर्षं मी ते मनातल्या मनात वाचतेय. तुमच्या आवाजात कधी ऐकलंच नाही."